उसना हिरवा दिवा

सात व्यसनांची नावं मगदूम सरांना शाळेत जायच्या आधीपासून पाठ होती. संध्याकाळी जैन बस्तीतून, म्हणजे देवळातून, आल्यावर आई ती म्हणून घ्यायची, आणि त्यांत जुगार पहिला होता. त्यामुळे पंचाहत्तरी गाठल्यावर पणजीला मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजावर पाऊल ठेवताना सरांना आई आठवली, यात नवल नव्हतं. आपण पैसे लावायला आलेलो नाही, परीक्षेला आलो आहोत, असं त्यांनी तिला मनातल्या मनात सांगून टाकलं.

बरोबर तिघं होती. मिरजेच्या शाळेत एका वर्गात शिकलेली आणि आता एकाच गावात म्हातारी झालेली. फळांचे व्यापारी इस्माईल बागवान, एस. टी. चे निवृत्त ड्रायव्हर विलास कणसे, आणि इस्पितळात जन्मभर नर्स म्हणून राबलेल्या रूथ लोंढे, ज्यांना हे तिघं अजूनही 'सिस्टर' म्हणत. दर रविवारी दुपारी चौघं मेंढीकोट खेळत. पैसे कधीच नाहीत, कारण मगदूम सरांचं व्रत. कॅसिनोचा बेत बागवानांचा होता. तिकिटाबरोबर जी फुकट टोकनं मिळतात तेवढ्यावरच खेळायचं असं ठरल्यावर सरांनी मान डोलावली. बागवानांनी त्यांची समजूत अशी घातली होती, की ज्या टोकनाला बाजारात एक केळंसुद्धा येत नाही, ते लावलं म्हणून जुगार होत नाही.

जहाजाच्या जिन्याशी एका मुलीनं प्रत्येकाच्या मनगटावर रबरासारखी मऊ पट्टी बांधली. पट्टीवर मुगाएवढा दिवा होता. हिरवा.

ही तोलपट्टी. ती कशी चालते हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. वर्गातलं एक पोर डोळ्यांसमोर आणलं की पुरे. त्याला विचारा, सात आणि पाच किती. ते तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत बारा म्हणेल. आता विचारा, सतरा सक किती. ते छताकडे बघेल, ओठ हलवेल, मग उत्तर देईल. छताकडे बघण्याचा हा वेळ प्रश्नाच्या अवघडपणाबरोबर वाढतो. निरोगी मेंदूची ही खूण आहे: सोप्याला थोडा वेळ, अवघडाला जास्त. मेंदू थकू लागला, की दुखणं उघड व्हायच्या कितीतरी आधी हा हिशेब विस्कटतो. सात आणि पाचलाही माणूस छताकडे बघू लागतो, नाहीतर सतरा सकचं उत्तर विचार न करताच फेकून मोकळा होतो.

पत्त्यांच्या टेबलाला हे मोजणं सोपं जातं. प्रत्येक पत्त्यात एक बारीक चकती असते, त्यामुळे कोणाकडे काय आहे आणि कोणाचा निर्णय किती अवघड आहे, हे टेबलाला ठाऊक असतं. बोट हलण्याआधी मेंदूचा निरोप मनगटाच्या स्नायूंपर्यंत येतो, तो पट्टी टिपते. दोन्ही गोष्टी जुळवल्या की त्या माणसाचा तोल कळतो. दिवा हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे आज पुरे, आणि डॉक्टरांना दाखवा. तांबडा म्हणजे या माणसानं एकट्यानं मोठे निर्णय घेऊ नयेत. काही म्हातारी माणसं भान सुटलेल्या अवस्थेत जन्माची कमाई घालवून बसली, तेव्हा हा कायदा झाला, आणि संध्याकाळी अहवाल घरच्या माणसाकडे जाऊ लागला. मगदूम सरांचा अहवाल बडोद्याला त्यांच्या लेकीकडे, सन्मतीकडे जाणार होता.

परीक्षा होती ती हीच.

पत्नी गेल्यापासून सर मिरजेत एकटेच राहत. गेल्या वर्षभरात त्यांचं काहीतरी बिनसत चाललं होतं. एकदा ते न्हाणीघरात उभे राहिले आणि नळ कुठल्या बाजूला फिरवायचा याचा विचार करत राहिले. आठवलं, पण सतरा सकला लागावा एवढा वेळ लागला. जन्मभर पोरांचा तो वेळ मोजलेल्या माणसाला त्याचा अर्थ कोणी सांगायला नको होता. फोनवर सन्मतीलाही त्यांच्या बोलण्यातल्या थांबण्यांवरून शंका आलीच. इस्पितळात जायला सर तयार होईनात; तिथल्या खोलीत बसलं की त्यांना शिकलेलं सगळं आठवेनासं व्हायचं. शेवटी बापलेकीत करार झाला. मित्रांबरोबर मजेत खेळताना पट्टी जे सांगेल ते खरं. हिरवा राहिला तर सन्मती वर्षभर विषय काढणार नाही. तांबडा झाला तर सरांनी घर बंद करून कायमचं बडोद्याला जायचं.

ही गोष्ट त्यांनी तिघांना आंबोली घाटात सांगितली होती. गाडी आपली आपण चालत होती आणि कणसे रिकाम्या स्टिअरिंगपुढे बसून प्रत्येक वळणाला नसलेला ब्रेक दाबत होते. सरांचं बोलणं संपल्यावर बागवानांनी सावंतवाडीला जेवायला कुठं थांबायचं ते विचारलं, आणि तिघंही त्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ वाद घालत बसली.

जहाजाच्या वरच्या मजल्यावर मेंढीकोटचं टेबल होतं. महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी ते मुद्दाम ठेवलेलं. खिडकीतून नदी आणि पलीकडचा बेतीचा काठ दिसत होता. नेहमीप्रमाणे सर आणि कणसे भिडू, विरुद्ध बाजूला बागवान आणि रूथ. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगायला हवं, की यात दश्शीला मेंढी म्हणतात आणि ज्या जोडीकडे मेंढ्या जास्त, ती जिंकते. कोणते पत्ते गेले, कोणते राहिले आणि हुकूम कधी मारायचा, हे ध्यानात ठेवण्यात सगळी गंमत आहे.

पहिल्या डावात सरांचा तळहात ओला झाला होता. दुसऱ्यात तो सुकला. तिसऱ्या डावात त्यांनी चौकटची मेंढी अशी अलगद उचलली, की बागवानांनी कपाळावर हात मारला. पत्ते जणू आपण होऊन बोटांत येत होते. मध्ये एकदाच ते अडखळले, दिवा क्षणभर फिकटला, पण कणसे पुन्हा एकदा खोकले, सरांनी किलवरची राणी टाकली, आणि दिवा पुन्हा हिरवागार झाला. पाचव्या डावात चारही मेंढ्या त्यांच्याकडे आल्या. कोट.

"म्हातारा तरणा झाला मर्दा," कणसे म्हणाले.

सर हसले. नळाचं आपण उगाच मनावर घेतलं, असं त्यांना वाटलं. सन्मतीला फोन करून काय सांगायचं, ते वाक्यही त्यांनी मनात जुळवून ठेवलं. परतल्यावर अंगणात पपईचं रोप लावायचं होतं; तिला फळ धरायला वर्ष लागतं म्हणून त्यांनी ते टाळलं होतं.

तेवढ्यात टेबलाच्या कडेचा दिवा लुकलुकला आणि एक तरुण बाई नम्रपणे बाजूला येऊन उभी राहिली. छातीवरच्या पाटीवर फळदेसाई असं नाव होतं. जहाजावरची तोल अधिकारी. चौघांनी जरा तिच्या खोलीत यावं, अशी तिनं विनंती केली.

खोलीत गेल्यावर तिनं दार लावलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर मघाचे डाव सुरू केले. ती म्हणाली, की यंत्रानं या टेबलावर खुणाखुणी पकडली आहे. तशी ती रोजच पकडली जाते. पण या टेबलावरची तिला कळेना.

"फसवणूक म्हटली की कोणाला तरी लुबाडायचं असतं, काका. इथे भिडूही खुणा करतोय आणि समोरचे दोघंही. तिघं मिळून चौथ्याला जिंकवतायत. आणि तिघांनाही एकमेकांचं ठाऊक नाहीये."

पडद्यावर मगदूम सर पत्ते धरून बसले होते. हुकूम मारायची वेळ आली की बागवानांचा हात कानाच्या पाळीकडे जात होता. समोरचा गडी, स्वतःची मेंढी घालवायला निघालेला. सरांनी पत्ता राखून ठेवावा असं असलं की रूथ चष्मा वर सरकवत होत्या. कणसे खोकत होते. आणि सरांचे डोळे दर वेळी पत्ते टाकण्याआधी कानाकडे, चष्म्याकडे, खोकल्याकडे जात होते. आपण असं बघतो आहोत हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. एका डावात बागवानांनी कान धरला आणि त्याच वेळी कणसे खोकले. दोघांची खूण वेगळी पडली. त्याच क्षणी सरांचा दिवा फिकटला होता.

सगळी एकदम बोलायला लागली. बागवान कणशांना विचारत होते, की तू कशाला मध्ये कडमडलास, मी करत होतो की. कणसे म्हणत होते, की तू तर विरुद्ध पार्टीतला, तुझा काय संबंध. मगदूम सर मात्र पडद्यावरच्या त्या कानाकडे बघत राहिले. हा कान धरलेला त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला नव्हता. मिरजेतही गेले कित्येक रविवार तेच जिंकत होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

रूथनं चष्मा काढून हातात घेतला. मग त्या म्हणाल्या, "माझं दिवाळीपासून. यांचं मला माहीत नाही."

बागवानांचं त्याच्याही आधीपासून होतं.

फळदेसाई बाईंना आता प्रकार उमगला होता. खुर्ची ओढून त्या सरांसमोर बसल्या आणि त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. टोकनं फुकटची होती, कोणाचं नुकसान झालेलं नाही, तेव्हा तक्रारीचा प्रश्न नाही. पट्टीनं मोजलं ते हिरवंच आहे, आणि खुणा कोणी केल्या हे विचारायची अहवालात सोय नाही. सरांनी इथून उठून जावं. संध्याकाळी लेकीकडे हिरवा अहवाल जाईल. किंवा त्यांची इच्छा असेल तर खालच्या टेबलावर अनोळखी तिघांबरोबर एकट्यानं खेळावं. मग तो अहवाल जाईल.

बागवानांचं म्हणणं होतं, की यात विचार करण्यासारखं काय आहे, हिरवा तर हिरवा. यंत्राला काय कळतंय. रूथ खिडकीतून बाहेर बघत होत्या. नर्स म्हणून काय सांगायला हवं ते त्यांना माहीत होतं, आणि तेच त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. कणसे मात्र बोलले, सरांना शाळेतल्या नावानं हाक मारून.

"तू बडोद्याला गेलास तर आम्ही तिघांनी कुठला डाव मांडायचा, जिन्या?"

मगदूम सर बराच वेळ गप्प राहिले, इतका वेळ की रूथनं काळजीनं त्यांच्याकडे पाहिलं. पण हा वेळ छताकडे बघण्याचाच होता. प्रश्नच तेवढा अवघड होता.

शाळेत एखाद्या पोरानं शेजारच्याच्या वहीत बघून गणित सोडवलं, तर सर त्याला रागवत नसत. पहिल्या बाकावर एकटं बसवत आणि तेच गणित पुन्हा घालत. पोराला ती शिक्षा वाटायची. खरं तर सरांना एवढंच हवं असायचं, की याचं कुठं अडतंय ते कळू दे. उसन्या बरोबर उत्तरावरून ते कधीच कळत नाही. स्वतःच्या चुकीच्या उत्तरावरून कळतं.

"मला पहिल्या बाकावर बसू द्या रे," सर म्हणाले. "कुठून शिकवायला घ्यायचं ते तरी समजेल."

खालच्या टेबलावर तिघं अनोळखी माणसं होती. तिथं काचेची भिंत होती, आणि तिच्याबाहेर फळदेसाई बाईंनी तिघा मित्रांना पाठ करून उभं केलं. कणशांना तर त्यांनी खोकायचीही मनाई केली. काचेतून सरांना तीन पाठी दिसत होत्या: बागवानांची रुंद, रूथची ताठ, कणशांची एका बाजूला कललेली. त्या तिन्ही पाठी ऐकत होत्या.

सर खेळले. पत्ते आता आपण होऊन बोटांत येत नव्हते. इस्पिकचा एक्का गेला की आहे, हे त्यांना दोनदा आठवावं लागलं. एक साधा हात, ज्यात टाकायला एकच पत्ता होता, त्यालाही त्यांनी वेळ घेतला. मग भीती वाटून पुढचा अवघड हात त्यांनी घाईत टाकला आणि मेंढी गेली. सवयीनं त्यांनी एकदा समोरच्याच्या कानाकडे पाहिलं. तो कान परका होता, त्यावर नुसतं एक छोटं सोन्याचं डूल होतं. दिवा फिकटला, लुकलुकला, आणि पिवळा झाला.

डाव संपेपर्यंत तो पिवळाच राहिला. तांबडा झाला नाही.

अहवाल जायच्या आधी सरांनी स्वतःच सन्मतीला फोन लावला. वरच्या डेकवर वारा होता. त्यांनी काही राखून ठेवलं नाही. कान, चष्मा, खोकला, दिवाळी, सगळं सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "अप्पा, फोन स्पीकरवर टाका."

तिघं फोनभोवती गोळा झाली. सन्मती रेल्वेत सिग्नलचं काम बघणारी इंजिनिअर. दिवा खोटा हिरवा दाखवला की काय होतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. दिवाळीपासून तुम्हाला माहीत होतं, मग मला एका शब्दानं का सांगितलं नाहीत, असं तिनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू नेलं असतंस, बाळ," बागवान म्हणाले.

"नेलं असतं. मग? काका, पत्त्यांत तुम्ही खुणा केल्यात. ते सकाळी एकटे फिरायला जातात, तो एवढा मोठा रस्ता ओलांडतात, तिथे कोण खूण करतं त्यांना?"

खालून एक फेरीबोट शिट्टी देत गेली. मग कणशांनी घसा साफ केला. या वेळी ती खूण नव्हती.

"मी असतो मागं," ते म्हणाले. "रोज. जरा अंतर ठेवून. संक्रांतीपासून."

मगदूम सर त्यांच्याकडे बघत राहिले. सकाळी फिरताना मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती.

आणि मग बाकीचंही बाहेर आलं. बागवानांचा फळं पोचवणारा गडी रोज सकाळी एक पपई द्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात डोकावायचा आणि गॅस बघून यायचा. एवढ्या पपया कशाला, म्हणून सर त्याच्यावर चिडतही असत. रूथ दर सोमवारी साखर मागायला यायच्या आणि गोळ्यांची डबी तपासून जायच्या. सरांना वाटायचं, सिस्टरकडची साखर हल्ली फारच लवकर संपते. पट्टीनं आणि टेबलानं फक्त पत्ते पाहिले होते.

फोनमधून सन्मतीनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"कणसेकाका, तुमचा गुडघा कसाय?"

"दुखतोय की. हा लेकाचा पळतो नुसता."

"मग मागून कशाला चालता? बरोबर चाला ना. आता त्यांना कळलंय."

कणशांना हे सुचलं नव्हतं. त्यांनी बागवानांकडे पाहिलं. बागवानांनाही सुचलं नव्हतं.

त्यानंतर ती पुन्हा सिग्नलवाली इंजिनिअर झाली. करारात पिवळ्याचं काही ठरलं नव्हतं, ते तिनं आता ठरवलं. पुढच्या आठवड्यात अप्पांनी बडोद्याला यायचं, महिनाभर राहायचं, डॉक्टर सांगतील ते सगळं करायचं. दुखणं लवकर सापडलंय, आता त्याला लांब रोखून धरणारी औषधं आहेत, आणि मेंदूला रोज थोडा सराव देणारी माणसंही आहेत. स्कूटरची किल्ली रूथमावशीकडे द्यायची. मग परत मिरजेला जायचं. आणि दर महिन्याला तिघांपैकी एकानं तिला फोन करून खरं सांगायचं. गोड नाही, खरं. ज्या दिवशी दिवा तांबडा होईल, त्या दिवशी ती येऊन घेऊन जाईल, आणि तेव्हा कोणी कान धरायचा नाही.

"चालेल का, अप्पा?"

सोपा प्रश्न होता. सरांनी लगेच हो म्हटलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा चौघं जहाजावरून उतरली. जिन्याशी पट्ट्या काढून घेतल्या. मनगटावर नुसता एक ओलसर पांढरा पट्टा उरला. धक्क्यापर्यंत जाणारा लाकडी पूल लांब होता आणि हलत होता. रूथ आणि बागवान पुढे गेले, पपईवरून काहीतरी भांडत. मगदूम सर चालू लागले. थोडं गेल्यावर त्यांना मागे, जरा अंतर राखून, एक पाय ओढत येणारी पावलं ऐकू आली. संक्रांतीपासून तीच पावलं असणार. आज ती ऐकू आली एवढंच.

ते थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं.

"विल्या, ये की बरोबर," ते म्हणाले.

कणसे सवयीनं आधी रस्त्याकडे बघितल्यासारखं इकडेतिकडे बघून मग जवळ आले. सरांनी त्यांचा दुखऱ्या बाजूचा हात आपल्या काखेत धरला, आणि दोघं सावकाश पूल उतरायला लागले.